लाभ, दोन, तीन

उदगीरच्या मोंढ्यात पहिल्या दिवशी
माझं नाव कुणी विचारलं नाही.
शिवलिंगप्पांच्या आडतीत, गादीच्या कडेला,
पेन उघडून बसलो होतो.
मौलासाब हमाल पोतं टेकवत म्हणाला,
"कोरा आलाय रे आज, चहा सांगा."
चहा आला बारा जणांचा.
पैसे कोऱ्यानं द्यायचे असतात
हे कप रिकामे झाल्यावर कळलं.

"हवा किती?" खरेदीदारानं विचारलं.
मी आभाळाकडं बघितलं,
म्हणालो, "पडलीय."
सोयाबीनच्या ढिगामागं कुणीतरी
ठसका लागेपर्यंत हसलं.
हवा म्हणजे ओल, दाण्याच्या पोटातली,
दाढेखाली धरून ऐकायची.
मला ती तिसऱ्या आठवड्यात ऐकू आली.

पोती मोजताना म्हणालो, "एक."
काटा थांबला.
व्यंकोबा मापाड्यानं कपाळाला हात लावला:
"एक नाही म्हणायचं, लेकरा. लाभ म्हण.
लाभ, दोन, तीन.
धान्याला एकटं कशाला पाडायलास?"
संध्याकाळी विचारलं, दुकान बंद करू का,
तर अप्पांनी चष्म्यावरून बघितलं:
"बंद पडत्यात ती दुष्मनाची.
आपलं वाढवायचं."
वाढवलं. कुलूप तेच होतं.

असं किती.
तराजू ओलांडायचा नाही.
हुक हातात द्यायचा नाही,
खाली ठेवायचा, ज्याचा त्यानं उचलायचा.
मौलासाबचा रोजा असला की चहा थप्पीआड.
हे कुणी बोललं नाही कधी,
अप्पाच कप घेऊन उठायचे, गुडघे धरत,
मी मागोमाग.

आणि रुमाल.
उघड बोली आटोपली की दोन म्हातारे
एका रुमालाखाली हात घालून उभे राहायचे.
तोंडानं कुणाच्या तरी सोयरिकीचं चालायचं,
बोटं भलतंच बोलायची.
मधूनच एखादा शब्द सांडायचा:
आवारू. उधानू. पोकू.
मी वहीच्या मागच्या पानावर उतरवायचो,
प्रत्येकापुढं प्रश्नचिन्ह.
एक दिवस उलगडलं, आणि त्या आनंदात
भर बाजारात मोठ्यानं म्हणालो,
"पोकू म्हणजे चार! चारशे वर गेला सौदा!"

रुमालाची घडी झाली.
कुणी रागावलं नाही.
फक्त तीन दिवस अख्खा मोंढा माझ्याशी
पुस्तकातल्या मराठीत बोलला.
"आपण चहा घेणार का?"
"आपली वही इथे राहिली आहे."
मला जन्मात कुणी आपण म्हणालं नव्हतं.
लई लागलं ते.
वहीचं मागचं पान फाडलं,
बारीक बारीक तुकडे करून गटारात सोडलं.
बघितलं असंल कुणीतरी.

चौथ्या दिवशी मौलासाब
पाठीवरच्या पोत्याखालून ओरडला,
"ए बारदान, सरक की! दिसंना का तुला?"
बारदान, म्हणजे रिकामं पोतं.
म्हणजे कोऱ्याच्या एक पायरी वर.
मी सरकलो. डोळे पुसले.
तुरीची धूळ होती हो,
खरंच होती.

परवा एक पोरगं आलंय कंधारकडचं.
नवी चप्पल, खिशाला दोन पेनं,
गादीची तीच कड.
"हवा किती?" कुणीतरी विचारलंच.
त्यानं वर बघितलं.
मीही बघितलं त्याच्याबरोबर, सवयीनं नाही,
उगं.
घारी होत्या दोन, उंच.

चहा आला. पैसे मी देऊ शकत होतो,
हात खिशात गेलाही,
मौलासाबनं नजरेनंच दाबला.
पोरानं घडीची नोट काढली,
कपांवरून बोट फिरवत
मोजायला लागलं, "एक..."

आणि पलीकडच्या आडतीतले काटेसुद्धा
थांबले.